ठिपकीचा डावा डोळा

उढाण सरांना एक गोष्ट बिलकुल सहन होत नसे. कुणी "असं म्हणतात" म्हणून बोलायला सुरुवात केली की संपलंच. "कोण म्हणतं? नाव सांग. त्यानं पाहिलं का? तू पाहिलंस का?" अशी सरबत्ती सुरू व्हायची, आणि समोर विद्यार्थी असो, सरपंच असो की खुद्द सासरे असोत, त्याची बोबडी वळायची. अंबडपासून पाच-सहा मैलांवरच्या त्या गावातल्या हायस्कुलात सर एकोणीस वर्षं विज्ञान शिकवत होते. पूर्ण नाव रखमाजी उढाण. घरचं खाऊनपिऊन सुखी, गावात मान, आवाज खणखणीत. प्रयोग दाखवून झाला की हात झटकायचे आणि विचारायचे, "प्रश्न?" निदान एक हात वर आल्याशिवाय वर्ग सुटत नसे. कुणालाच काही सुचलं नाही तर पहिल्या बाकावरचं एखादं पोरगं बळंच काहीतरी विचारून सगळ्यांची सुटका करायचं. अशा या माणसावर शरमेनं मान खाली घालायची पाळी आली, आणि तीही एका पालीपायी.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. शाळेच्या मागं व्हॉलीबॉलसाठी मैदान सपाट करायचं चाललं होतं. पडक्या कुंपणाचे दगड दोन गडी आणि चतुराबाई मिळून बाजूला टाकत होते. चतुराबाई म्हणजे शाळेतली रोजंदारीवरची झाडूवाली. वर्ग झाडायचे, माठ भरायचे, मुताऱ्या धुवायच्या, आणि वर ज्याला जे सुचेल ते काम करायचं. बाई बोलायला कमी, कामाला वाघ. तिनं एक मोठा दगड कलता केला, तर खाली ओलसर मातीत ती बसलेली. वीतभर लांबी, पिवळसर अंगावर काळपट ठिपके, शेपूट गुबगुबीत.

गड्यांनी फावडी टाकून धूम ठोकली. त्या भागात या पालीची दहशत नागापेक्षा जास्त. तिचं नावसुद्धा कुणी घेत नसे, "ती ठिपक्याची" एवढंच म्हणत. चावली तर माणूस पाणी मागत नाही, तिचा नुसता फुत्कार लागला तरी अंग सुजतं, असं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. पोरं काठ्या घेऊन धावली. सर वर्गातून हातातल्या खडूसकट पळत आले.

"मारू नका! विषारी आहे म्हणून कोण म्हणतं?"

"समदेच म्हणत्यात, सर."

झालं. सरांना एवढंच पाहिजे होतं. त्यांनी वाकून तिला उचललं, तिनं सरांचा अंगठा धरला, तोंडात घट्ट आवळून ठेवला, आणि सरांनी दुसऱ्या हातानं मनगटावरचं घड्याळ सोडून हेडसरांकडे दिलं. "अर्धा तास मोजा, अण्णासाहेब." बातमी गावात गेली. अर्धा तास निम्मं गाव सरांच्या मरणाची वाट बघत मैदानात उभं राहिलं. अंगठ्यावर दोन-चार बारीक ओरखडे उठले, त्यापलीकडे काही नाही. लोक जरा हिरमुसलेच म्हणायचे. त्या दिवसापासून सरांचं नाव पंचक्रोशीत झालं.

पालीचं नाव पोरांनी ठिपकी ठेवलं. सरांनी जालन्याच्या मस्तगडातल्या एका दुकानातून माशांची काचेची पेटी आणली, प्रयोगशाळेत टेबलावर ठेवली, वर जाळी आणि जाळीवर बल्ब. पेटीत मैदानातलीच माती घातली. सरांचं सगळ्यात लाडकं वाक्य ठिपकीच्या डोळ्यांबद्दल होतं. "घरातल्या पालीला पापणी नसते. ती डोळा मिटूच शकत नाही. आणि ही बघा!" मग सगळे श्वास रोखून बघत राहायचे. ठिपकी सावकाश एक डोळा मिटायची, उघडायची, आणि जीभ बाहेर काढून डोळा पुसून घ्यायची. चाळीस पोरं एकदम खिदळायची. सरांनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण शाळा सुटल्यावर ते एकटेच पेटीपुढं बसायचे आणि तिच्याकडं बघून एक डोळा मिटायचे.

चतुराबाई पहिले आठ दिवस प्रयोगशाळेच्या उंबऱ्यातूनच झाडू फिरवायची. मग हळूहळू आत आली. मग एक दिवस सरांनी पाहिलं, तर बाई लाकडाच्या ढिगातले रातकिडे कागदाच्या पुडीत धरून आणत होती आणि एकेक जाळीतून सोडत होती.

"भीती गेली का?" सरांनी विचारलं.

"मला चावली न्हाई, मंग मी कशाला भिऊ?" ती म्हणाली. सरांना तो पुरावा फार आवडला. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी तो सांगूनही टाकला, चतुराबाईचं नाव मात्र न घेता.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आलं.

माती पिवळसर तपकिरी आणि पालही तशीच, त्यामुळं लांबून बघणाऱ्याला काही दिसत नाही, ही सरांची अडचण. विचार करता करता त्यांना एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्यावर ते स्वतःवरच इतके खूश झाले की घरी गेल्याबरोबर बेबीनंदाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, त्यांनी ती दोनदा सांगितली. मातीऐवजी रांगोळी! पांढऱ्याशुभ्र रांगोळीवर ठिपका न् ठिपका उठून दिसेल, शिवाय ती चालली की पावलांचे ठसे उमटतील. पाच बोटं, मधे शेपटीची रेघ. चालण्याची पद्धत समजावून सांगायला आणखी काय पाहिजे? सव्वीस जानेवारीसाठी आणून ठेवलेल्या रांगोळीच्या पिशव्या शाळेत होत्याच. सरांनी माती काढली, पेटी पुसली, आणि दोन बोटं जाड रांगोळी पसरली. वर साठचा बल्ब काढून शंभरचा लावला.

दिसायला देखणंच दिसत होतं, खोटं कशाला बोला. अंबडच्या प्रदर्शनात लोकांची रांग लागली. परीक्षक चष्मे सावरून ठसे बघत राहिले. पहिला नंबर मिळाला आणि जिल्ह्याला निवड झाली. जालन्याचं प्रदर्शन महिन्याभरानं होतं. सरांनी दर आठवड्याला ताजी रांगोळी घालायला सुरुवात केली.

एका सकाळी त्यांना पेटीच्या कोपऱ्यात एक फुटकं खापर पालथं घातलेलं दिसलं. त्याखाली गोणपाटाचा ओला तुकडा, आणि त्यावर ठिपकी अंग चोरून बसलेली. आजूबाजूची रांगोळी ओली होऊन तिचे गोळे झालेले.

"हे कुणी केलं?"

"म्या ठिवलं," चतुराबाई म्हणाली. "सर, ती घावली तव्हा दगडाखाली ओल होती. ह्या पांढऱ्यात ओल न्हाई. वरून दिवा तापून राह्यलाय. आन् ही रांगोळी डोळ्यात जाती, सर. मी खाली सांडलेली झाडते तर माझे डोळे चुरचुरतात, ती तर त्यातच लोळून राह्यली."

समोर प्रयोगशाळेतच नववीचा वर्ग बसलेला होता. सर हसले, आणि वर्गाकडं तोंड करून म्हणाले, "घ्या! उद्यापासून विज्ञानाचा तास चतुराबाई घेणार. मी झाडू मारतो." पोरं खोखो हसली. सरांनी खापर आणि गोणपाट खिडकीतून बाहेर टाकलं. बाईला त्यांनी ताकीद दिली की यापुढं पेटीला हात लावायचा नाही. बाईनं हात लावला नाही. रातकिडे मात्र ती आणून पुडीत टेबलावर ठेवत राहिली.

जिल्ह्याच्या प्रदर्शनाला पाच दिवस उरले असताना ठिपकीनं डोळे मिटले ते उघडलेच नाहीत.

आधी सरांना वाटलं, झोपली असेल. दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून फुगलेल्या दिसल्या, आणि त्यांच्या कडेला पांढरट पापुद्रा. ती जीभ काढून डोळे चाटायची, पुन्हा पुन्हा चाटायची, आणि पापणी तशीच बंद. समोर सोडलेला रातकिडा तिच्या नाकावरून चालत गेला तरी तिला पत्ता नाही. अंगावरची कात अर्धवट सुटून लोंबत होती. सर तिसऱ्या दिवशी तिच्यापुढं बसून होते तेव्हा हेडसर आत आले, त्यांच्याबरोबर प्रदर्शनाची तयारी बघायला आलेले शिक्षण खात्याचे साहेब, आणि मागं दारात दहावीची पोरं.

"काय झालं हो हिला?" साहेबांनी विचारलं.

आता इथं सर म्हणू शकले असते, "मला माहीत नाही." एकोणीस वर्षं ते पोरांना हेच शिकवत आले होते, की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, त्यात लाज नाही. पण साहेब उभे होते, पोरं बघत होती, पहिला नंबर डोक्यात होता. सरांची नजर कोपऱ्यातल्या फिनेलच्या बाटलीवर गेली आणि तोंड आपोआप बोलून गेलं.

"फिनेल. झाडूवाल्या बाईनं पेटीतून फिनेलचा फडका फिरवला असणार. किती सांगितलं तरी ऐकत नाहीत ही माणसं."

चतुराबाई बाहेर व्हरांड्यात माठ विसळत होती. तिनं ऐकलं आणि ओले हात तसेच घेऊन दारात आली. "म्या पेटीला हात लावला न्हाई, सर. तुम्ही न्हाई म्हणल्यापून बोट लावलं न्हाई."

"मग काय आपोआप झालं?" हेडसर खेकसले. साहेबांसमोर हेडसरांना खेकसायला निमित्तच पाहिजे असायचं. "उद्यापासून प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. समजलं?"

बाईनं सरांकडं पाहिलं. सर पेटीकडं बघत होते. मधल्या सुट्टीत सरांच्या कानावर आलं की पोरांनी बाईचं नाव 'फिनेलबाई' ठेवलंय. दोन दिवस ती पोरं तिच्या मागून तसं ओरडत फिरली. तिसऱ्या दिवशी चतुराबाई शाळेत आलीच नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सर पेटी मांडीवर घेऊन एसटीनं जालन्याला गेले. उतरले ते थेट जनावरांच्या दवाखान्यात. तिथले डॉक्टर संपतराव हे वयस्कर, हातात कायम चहाचा कप असलेले गृहस्थ. त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"बत्तीस वर्षं झाली नोकरीला. म्हशी आल्या, बैल आले, एकदा मोर आला. हे गिऱ्हाईक पहिल्यांदाच."

त्यांनी ठिपकीला हातात धरलं, मिठाच्या कोमट पाण्यात कापूस बुडवून तिच्या पापण्यांवर ठेवला आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. मग बारीक चिमट्यानं उजव्या पापणीखालून काहीतरी ओढलं. पातळ पापुद्रा निघाला. त्याच्या आत घट्ट बसलेली पांढरी खडी निघाली, बाजरीच्या दाण्याएवढी. डॉक्टरांनी ती दोन बोटांत चुरडली.

"ही तर रांगोळी."

सरांनी पेटीवरची जाळी उगाच नीट बसवली.

"हिला कात टाकायला ओल लागते, सर. ओल मिळाली नाही की कात डोळ्यावर चिकटून बसते. त्यात ही शिरगोळ्याची, म्हणजे दगडाचीच पूड. जनावर दुखतं म्हणून चाटतं, चाटलं की आणखी पूड जिभेवरून डोळ्यात जाते. कुणी ठेवली हिला रांगोळीत?"

"फिनेलनं असं होऊ शकतं का?" सरांनी विचारलं. आपला आवाज आपल्याच कानाला कसासाच लागला.

"कशाचं फिनेल? फिनेलनं भाजलं असतं तर कातडी दिसली असती भाजलेली. हे स्वच्छ दिसतंय काय आहे ते." डॉक्टरांनी डावी पापणी उघडली आणि जीभ चुकचुकवली. बुबुळ दुधासारखं पांढरं पडलं होतं. "हा गेला. आत जखम होऊन वाढलीय. आठ दिवस आधी आणली असती तर दोन्ही वाचले असते. उजवा वाचेल. पेटीत माती घाला, कोपऱ्यात काहीतरी ओलं ठेवा, गोणपाटबिणपाट. वर एखादं खापर झाकलं तर फारच बरं."

सरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. डॉक्टरांनी शब्दही तेच वापरले होते, गोणपाट आणि खापर. खिडकीतून बाहेर टाकलेलं ते खापर अजून शाळेमागं गवतात पडलेलं होतं. काल येता-जाता त्यांनी ते पाहिलं होतं.

आता सरळ माणूस असता तर गोष्ट इथं संपली असती. सर स्वतःला सरळच समजत होते. पण दुसऱ्या दिवशी काय घडलं ते ऐका. जिल्ह्याच्या प्रदर्शनात सरांनी दवाखान्याच्या आवारातली माती पेटीत भरून ठिपकीला मांडलं. बोलले नेहमीसारखे खणखणीत. विष नाही, अफवा आहे, हा माझा अंगठा. परीक्षक बाई होत्या, गंभीर चेहऱ्याच्या. त्यांनी विचारलं, "हिच्या डाव्या डोळ्याला काय झालंय?"

सरांना सगळं माहीत होतं. माहीत होऊन पुरता एक दिवस झाला होता. आणि सर म्हणाले, "शाळेतल्या सफाईवाल्या बाईच्या हातून फिनेल गेलं. अडाणी माणसं, काय करणार."

परीक्षक बाईंनी हळहळून मान हलवली आणि वहीत काहीतरी टिपलं. सरांना दुसरा नंबर मिळाला.

परतीच्या एसटीत पेटी मांडीवर, पेटीवर प्रशस्तिपत्रक. गाडीला हिसका बसला की आत ठिपकी सरकायची आणि तोल सावरून पुन्हा डोकं वर करायची. तिचा उजवा डोळा उघडा होता. ती सरांकडं बघत होती असं सरांना वाटत राहिलं, आणि त्यांनी प्रशस्तिपत्रक काचेच्या त्या बाजूला आडवं धरलं. मग आपण कुणापासून लपतोय हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की शेजारच्या उतारूनं "काय आहे हो पेटीत?" विचारलं तर त्यांनी झोपेचं सोंग घेतलं. पहिल्या वेळी तोंडातून निघून गेलं, असं म्हणायला तरी जागा होती. दुसऱ्या वेळी ते पुरते शुद्धीवर होते.

हेडसरांनी प्रशस्तिपत्रक चौकटीत घालून ऑफिसात लावलं. सर ऑफिसात जायचं टाळू लागले. हजेरीपटावर सही करायला जावंच लागे, तेव्हा ते मान वळवून सही करत आणि ती वाकडी येई. वर्गात त्यांचा आवाज बसला. "प्रश्न?" विचारायचंही ते विसरायला लागले, आणि पोरं आपली खुशीत लवकर सुटू लागली.

इकडं ठिपकी खाईना. एका डोळ्यानं तिला अंदाज यायचा नाही. रातकिडा एकीकडं आणि तिची झेप दुसरीकडं. सर चिमट्यात किडा धरून तिच्यासमोर धरायचे, पण त्यांचा हात घाई करायचा आणि ती दचकून मागं जायची. शेपटी दिवसेंदिवस बारीक होत चालली. रातकिडेही मिळेनात. पोरांना पाठवलं तर पोरं मुंगळे घेऊन यायची.

"त्या चतुराबाईला बोलवा की," बेबीनंदाबाई जेवताना म्हणाल्या. "तिला बराबर जमायचं म्हणत होते तुम्ही."

"ती येत नाही."

"का येत न्हाई?"

सर भाकरी मोडत राहिले. बेबीनंदाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. वीस वर्षांचा संसार, हा माणूस ताटाकडं कधी असा बघतो हे त्यांना ठाऊक होतं. "काय केलंत?" त्यांनी विचारलं.

सरांनी सांगितलं. रांगोळी सांगितली, खापर सांगितलं, दवाखाना सांगितला. जालन्याचं सांगताना आवाज इतका खाली गेला की बेबीनंदाबाईंना पुढं वाकावं लागलं. ऐकून त्या म्हणाल्या, "मला चार माणसांत अभिमानानं सांगायची सवय हाय, की आमचे हे खोटं बोलत न्हाईत." एवढं बोलून त्या ताट उचलून गेल्या. सरांना वाटलं, यापेक्षा त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी सर चतुराबाईच्या घरी गेले. एकोणीस वर्षांत गावाच्या त्या अंगाला ते मतदारयाद्या घेऊन काय गेले असतील तेवढेच. पत्र्याचं घर, शेणानं सारवलेली ओटी, आत भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, दोन्ही काचा लख्ख पुसलेल्या. चतुराबाई कुणाच्या तरी रानात कापूस वेचायला निघायच्या तयारीत होती. तिनं ओटीवर पोतं अंथरलं आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. सरांनी तो घाईघाईनं उचलला आणि एका दमात रिकामा केला, मुद्दाम तिला दिसेल असा. ती बघत होती. तिला सगळं कळलं हे सरांना कळलं, आणि पाणी प्यायल्याचीही त्यांना लाज वाटली.

"किडे धरायला माणूस मिळंना म्हणून आलात का, सर?"

"नाही. म्हणजे... नाही. फिनेल नव्हतं. रांगोळीनं झालं ते. तुम्ही म्हणत होतात तेच. डॉक्टरांनी दाखवलं मला. चूक माझी होती."

तिच्यासाठी "तुम्ही" हा शब्द सरांच्या तोंडून पहिल्यांदाच गेला होता. तिनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"तिचा डोळा वाचला का?"

"एक वाचला. डावा गेला."

"आरारा," ती म्हणाली आणि खाली बसली. मग पदरानं नाक पुसून उठली. "सर, ही चूक मला इथं सांगून काय उपेग? मला तर पयल्या दिवसापून ठावं हाय का म्या फिनेल लावलं न्हाई. ज्याह्यला ठावं न्हाई त्याह्यला सांगा. माझी नात पाचवीत हाय तुमच्याच शाळेत. तिला पोरी म्हणून राह्यल्या, तुझ्या आजीनं पालीचे डोळे फोडले."

सरांना हे माहीत नव्हतं. ते उभे राहिले, काहीतरी म्हणणार होते, पण बाईनं कापसाची झोळी कमरेला बांधली आणि वाटेला लागली.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर सर पुढं गेले. बरोबर पेटी आणली होती. पाचवी ते दहावी, सगळी शाळा मैदानात उभी. हेडसरांना आधी काही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, जाऊ द्या ना सर, कशाला. सरांना स्वतःचा भरवसा नव्हता. "जाऊ द्या" ऐकायला त्यांचे कान टपलेलेच होते.

फाटकापाशी चतुराबाई उभी होती. बेबीनंदाबाई भल्या सकाळी जाऊन तिला घेऊन आल्या होत्या. त्याही तिच्या शेजारी उभ्या होत्या.

"ठिपकीचा डावा डोळा गेला," सरांनी सुरुवात केली. त्यांनी घसा खाकरला. "तो फिनेलनं गेला असं मी म्हणालो. ते खोटं होतं. मी घातलेल्या रांगोळीनं गेला. चतुराबाईंनी ओलं गोणपाट ठेवलं होतं, ते राहिलं असतं तर दोन्ही डोळे शाबूत असते. ते मी फेकून दिलं. त्यांनी मला नीट कारणासकट सांगितलं होतं, आणि मी त्यांची टिंगल केली. तुम्ही हसलात, कारण मी हसवलं." ते थांबले. एवढ्यावर थांबता आलं असतं. बायकोखेरीज कुणालाच पुढचं माहीत नव्हतं. "आणि डॉक्टरांनी मला सगळं दाखवल्यावर, दुसऱ्या दिवशी, मी जालन्याला परीक्षकांना पुन्हा फिनेलच सांगितलं. तेव्हा मला खरं माहीत होतं. ऑफिसात जे प्रशस्तिपत्रक लावलंय ते त्या खोट्यासकट मिळालेलं आहे. मी तसं पत्र लिहून आज पाठवतो आहे."

हेडसर तोंड उघडं टाकून बघत राहिले. बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि आता मागं फिरायचं एवढंच उरलं होतं. पण एकोणीस वर्षांची सवय. हात झटकले गेले आणि तोंडातून शब्द निघाला.

"प्रश्न?"

एकही हात वर आला नाही. पहिल्या ओळीतली पोरं सुटका करायला पुढं आली नाहीत. सर वळणार, तेवढ्यात फाटकापाशी एक हात वर झाला. पोरं वर्गात करतात तसा, कोपरात सरळ. चतुराबाईचा.

"बोला," सर म्हणाले.

"सर, तुम्ही म्हणता पाह्यल्याबिगर बोलू न्हाई. मला फिनेल लावताना तुम्ही पाह्यलं नव्हतं. कुणीच पाह्यलं नव्हतं." तिचा आवाज मोठा नव्हता, पण मैदानात स्वच्छ ऐकू येत होता. "माझ्या जागी दुसऱ्या कुण्या सरानं पेटी पुसली असती, तर तुम्ही असं पाह्यल्याबिगर बोलला असता का? का मी झाडूवाली म्हणून बोललात?"

सगळी शाळा सरांकडं वळली. पाचवीच्या ओळीत एक पोरगी टाचा उंचावून बघत होती. ती चतुराबाईची नात, हे सरांनी कुणाला न विचारता ओळखलं.

सरांना उत्तर माहीत होतं. साहेबांसमोर बाटलीकडं नजर गेली त्या क्षणापासून माहीत होतं.

"हो," ते म्हणाले. "म्हणूनच बोललो."

चतुराबाईनं हात खाली घेतला. ती व्हरांड्यातून चालत मागच्या बाजूला गेली. सर पेटी घेऊन प्रयोगशाळेत आले तेव्हा ती तिथं होती, गवतातलं खापर धुऊन आणलेलं, गोणपाटाचा तुकडा बादलीत भिजत घातलेला. सरांनी पेटी टेबलावर ठेवली, जाळी काढली आणि बाजूला झाले.

"डाव्या बाजूनं हात नका घालू हिच्याकडं," ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली. "तिकडून दिसत न्हाई तिला. भेती."